देवाशी मोठ्यानं

"डोळं मिट!" असं बाईंनी म्हटलं की आमच्या गल्लीतला माणूस आधी पळायला वाट शोधायचा. वाट नसली की मुकाट डोळे मिटायचा. भाजी मंडई असो, रेशनची रांग असो, बाईंना तुमचं दुखणं कळलं की त्या तिथल्या तिथं तुमच्यासाठी प्रार्थना करायच्या, आणि तीही खणखणीत आवाजात. "हे प्रभू, ह्या दूधवाल्याच्या मुळव्याधीवर हात ठेव!" दूधवाला बिचारा किटलीसकट लाल झाला. पुढे कित्येक दिवस ज्याच्या त्याच्या घरी त्याला बसायला उशी मिळत होती.

बाई शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांची आणि आमची भिंत एकच. नव्वदीच्या दशकात मी लग्न होऊन आले, त्या पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "हे प्रभू, शेजारी नवी सून आलीया. कालवण करपल्याचा वास यायलाय. तिला अक्कल दे!" मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. खरोखरच करपलं होतं.

हा आवाज मुळात बाईंच्या सासूसाठी होता. आत्याबाई ठार बहिऱ्या. संध्याकाळची प्रार्थना त्यांना ऐकू जावी म्हणून बाई ओरडायच्या आणि ती सवय उंबऱ्याबाहेरही सुटली नाही. तुम्ही म्हणाल, सासू मोठी भाविक असेल. होती, पण भूक लागेपर्यंत. पोटात कावळे ओरडू लागले की प्रार्थनेच्या मध्येच "आमेन!" म्हणून मोकळी.

"अजून झाली न्हाई, आत्याबाई!"

"आं?"

"झाली न्हाई!"

"आमेन, आमेन. वाढ आता."

बाईंचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत अपघातात गेला होता. मूलबाळ नव्हतं. कोडोलीहून भाऊ न्यायला आले. म्हणाले, म्हातारीला शिरोळला तिच्या भाचीकडं पोचवू, तू घरी चल. बाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि म्हणाल्या, "सासरनं मला एवढंच दिलंय. ते बी परत देऊ व्हय?" हे त्यांनी मला शिलाई मशीन चालवता चालवता सांगितलं, खो खो हसत. मला काही हसू आलं नाही. त्यांच्या पायाखालची मशीन मात्र एकदाही थांबली नाही.

दोन हजार साल उलटलं आणि बाईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. गल्ली इतकी गप्प झाली की कुकरच्या शिट्टीनं लोक दचकायला लागले. बाईंना स्वतःचं काही नव्हतं. आत्याबाईंना आता ऐकू कसं जाणार, हा एकच घोर.

एका संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. मी गेले. बाईंनी दंडाला धरून मला शेजारी बसवलं आणि कानात म्हणाल्या, "मी सांगतो, तू वरड."

आमच्या देव्हाऱ्यात जोतिबा. पण शेजारधर्म म्हणूनही काही असतोच. त्या कुजबुजत गेल्या आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडत गेले, "हे प्रभू, ही माझी शेजारीण लई बोलती! हिच्या तोंडाला कुलूप घाल!" ओरडून झाल्यावर कळलं, शेजारीण म्हणजे मीच की! खिडकीशी जमलेली गल्ली हसून लोळायला लागली आणि दारातून माझा नवरा मनापासून म्हणाला, "आमेन!"

पुढं कित्येक वर्षं हे असंच चाललं. माझ्याच तोंडून माझ्या कागाळ्या देवाकडं गेल्या. खरं सांगते, दिवसभर मी त्या वेळेची वाट बघायचे.

मग ती गाठ उलटली. बाई अंथरुणाला खिळल्या, पण संध्याकाळ चुकली नाही. एक दिवस त्या कानात म्हणाल्या, "हे प्रभू, आत्याबाईंना माझ्याआधी ने. त्यांचं समदं करतो आणि मागनं येतो. त्यांना एकटं ठेवू नगंस."

आत्याबाई हात जोडून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी ओरडले, "हे प्रभू, उद्या मंडईत चांगली वांगी मिळू देत!"

"आमेन!" आत्याबाई म्हणाल्या. बाईंनी मला करकचून चिमटा काढला. आणि मग हसल्या, आवाजाशिवाय, नुसते खांदे हलवत.

देवानं त्यांचं ऐकलं नाही. बाईच आधी गेल्या. मला राग आला, त्यांच्या देवाचा आणि आमच्याही.

माती देऊन आल्यावर संध्याकाळी मी ताट घेऊन आत्याबाईंकडं गेले. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"त्या दिशी ती वांगी म्हणाली न्हवती," त्या म्हणाल्या. "ओठ बघिटलं मी. काय मागत हुती?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि बाईंचा शब्द न् शब्द ओरडून सांगितला. दारात जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मी बी रोज ह्येच मागत हुतो की," आत्याबाई म्हणाल्या. "मला आदी ने म्हणून. पर मनातल्या मनात."

पदरानं त्यांनी नाक पुसलं.

"चुकलंच माजं. वरडाय पायजे हुतं."