वरच्या मजल्यावरची अस्त्रं

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण नेमकं कुठे चुकतं हे मला केव्हाचं माहीत आहे. अडचण एवढीच की अमेरिकेनं मला अजून विचारलेलं नाही. तोवर सिंगापुरात, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी जमणाऱ्या मराठी मंडळींना मी ते समजावून सांगतो. पोहे फुकट असल्यामुळे मंडळी ऐकतात. दहशतवादाविरुद्धच्या युद्धावर तर माझा खास अभ्यास आहे (पेशानं मी अकाउंटंट, पण अभ्यासाला कोण अडवतं?). "इराकात अस्त्रं आहेत, अस्त्रं आहेत म्हणून घुसले. सापडलं काय? अरे, आधी पुरावा बघा, मग दार ठोठावा!" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की हल्ली ते माझा मित्र गायकवाडच पूर्ण करतो.

आणि मग आमच्या छतातून आवाज यायला लागला.

मी घरून काम करायचो त्या दुपारी, नेमका साहेबांशी कॉल चालू असताना. ठक, ठक, ठक. "घरात बांधकाम काढलंय का?" साहेबांनी विचारलं. आमच्या वर आंटी लिम एकट्याच राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, चणीनं लहानखुऱ्या. पण शत्रू दिसण्यावर जात नसतो.

"वरची म्हातारी दगडी खलात मिरच्या कुटते," रात्री जेवताना मी जाहीर केलं.

"कशावरून?" मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"वर राहते यावरून."

"बाबा, यू गॉट प्रूफ ऑर नॉट?" आमची इरा. शाळेत असले प्रश्न विचारायला शिकवतात.

"गोळा करणं चालू आहे."

आई नुकतीच कराडहून आली होती. तिनं खाली मान घालून माझ्या पानात शेंगदाण्याची चटणी वाढली. काय चटणी होती ती! "मिक्सरची वाटतच नाही," मी म्हणालो. "नाहीच वाटत," मंजिरी म्हणाली आणि सासू-सुना आपापल्या ताटात बघत बसल्या. "जाऊ दे रे," थोड्या वेळानं आई म्हणाली, "म्हातारं माणूस ते. कुटून कुटून किती कुटेल?"

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून छताला कान लावला. इथे एक भयंकर गोष्ट लक्षात आली. मी खोलीचं दार उघडलं की आवाज बंद! दार लावून आत गेलो की पुन्हा सुरू. म्हणजे आपल्या हालचालींची खबर वर पोचत होती. कुठून पोचत होती, हा प्रश्न माझ्यासारख्या अभ्यासकाला पडायला हवा होता. पडला नाही. मी गायकवाडला फोन करून आघाडीत ओढायचा प्रयत्न केला.

"माझा पूर्ण पाठिंबा आहे," तो म्हणाला, "पण मी पडलो पासिर रिसचा, पार शहराच्या दुसऱ्या टोकाचा. तिथून मला काय ऐकू येणार?"

मित्रराष्ट्रं अशीच असतात.

मंजिरीनं मात्र मला दारात अडवलं. "भांडू नकोस. आईंना इथे दुसरं कोण आहे?" हे खरं होतं. आईला इंग्रजी येत नाही, आंटींना मराठी. तरी रोज संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर दोघी तासभर गप्पा मारतात. आई सुनेबद्दल सांगते, आंटी बहुधा त्यांच्या सुनेबद्दल. त्या तासासाठी आई दुपारपासून केस विंचरून तयार असते. मला ते कळत होतं. पण एकदा सैन्य निघाल्यावर माघार घेणं बरं दिसत नाही.

त्या दुपारी मी वर गेलो. आंटींनी हसून दार उघडलं. मी अत्यंत सभ्यपणे त्यांचं स्वयंपाकघर बघायची परवानगी मागितली. ओट्यावर मिक्सर. कपाटात कपबशा. शेवटी मी गुडघ्यांवर बसून सिंकखालीसुद्धा डोकावलो. एक बादली. खल नाही, बत्ता नाही, साधा दगडही नाही. मी अजून सिंकखालीच होतो, आणि तेवढ्यात आवाज आला. ठक, ठक, ठक. माझ्या गुडघ्यांखालून.

"यू हिअर?" आंटी म्हणाल्या. "एव्हरी डे फ्रॉम युअर हाऊस, लाह. आय नेव्हर कम्प्लेन. युअर मदर ओल्ड, मस्ट गिव्ह चान्स."

मी लिफ्टची वाट न बघता खाली धावलो. स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनच्या आड, दुमडलेल्या टॉवेलवर मांडी घालून आई शेंगदाणे कुटत होती. समोर आमचा कराडचा लोखंडी खलबत्ता.

"हा कुठून आला? मी आणू नको म्हणालो होतो ना?"

"म्हणून तर नऊवारीत गुंडाळून आणला," आई म्हणाली. "तुझं काम चालू असतं, म्हणून दार लावून कुटत होते रे. तुझी चाहूल लागली की थांबायचे."

"आणि तुला माहीत होतं?" मी मंजिरीकडे वळलो.

"दोन वेळा मागून चटणी खाल्लीस," ती म्हणाली. "पुरावा तुझ्या ताटातच होता."

आईनं बत्ता खाली ठेवला. "तू वर जाऊन काही बोललास का रे? आता ती खाली यायची नाही." तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वाटीभर चटणी घेऊन पुन्हा वर गेलो आणि मनापासून माफी मागितली. आंटींनी बोटानं चटणी चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुन्हा चाखली. "टेल युअर मदर," त्या म्हणाल्या, "टुमॉरो पाऊंड मोअर." संध्याकाळी दोघी बाकावर होत्या. आई हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि आंटी पोट धरून हसत होत्या. मधूनच दोघी वर आमच्या खिडकीकडे बघत होत्या, त्यामुळे विषय कळायला भाषेची गरज नव्हती.

रविवारी पोह्यांबरोबर चटणीही होती. गायकवाडनं नेहमीप्रमाणे मला सुरुवात करून दिली. "काय हो, अस्त्रं आहेत, अस्त्रं आहेत म्हणून घुसले. सापडलं काय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मंजिरी तर हातातलं काम टाकून बघत होती. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. ठक, ठक, ठक.

"हे बघ गायकवाड," मी घसा खाकरून म्हणालो, "अमेरिकेचीही काहीतरी बाजू असेल रे."