वनजाक्षी रंग जुळवते

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्यावर, शेट्टरांचं मॅचिंग सेंटर होतं. रुंदीला जेमतेम आठ फूट, पण आत बोगद्यासारखं लांब. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजपीसच्या घड्या. दुपारी तीनच्या सुमाराला दुकानाच्या समोरच्या काचेतून ऊन आत यायचं, आणि आत उभ्या असलेल्या बाईचा चेहरा आधी डाळिंबी, मग पोपटी, मग कसल्यातरी नाव नसलेल्या रंगाचा व्हायचा. त्या उजेडात वनजाक्षी एकतीस वर्षं उभी राहिली.

मी नवी नवी तिथे राहायला गेले होते तेव्हा एक म्हैसूर सिल्क घेऊन दुकानात शिरले. पिशवीतून साडी अर्धी काढते न काढते तोच ती आत वळली.

"अहो, नीट बघा तरी."

"बघितली की," ती पाठमोरीच बोलली. "भिजलेल्या मुगाची साल."

शिडीवर चढून तिनं एक घडी ओढली, साडीवर टाकली, आणि ती घडी दिसेनाशीच झाली. कुठे साडी संपते नि कुठे पीस सुरू होतो, मला सापडेना. पुढे आमची ओळख वाढली तशी तिची बाकीची नावंही कळली. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतलेली कॉफी. वांग्याच्या देठाजवळचा. शाळेच्या बसचा, पण जुन्या बसचा. शेट्टर गल्ल्यावरून म्हणायचे, "हिच्या डोक्यात दुकान कमी, स्वयंपाकघर जास्त."

लग्न तिनं केलं नाही. एकदा तुमकूरहून माणसं बघायला आली होती. ती परत गेल्यावर वनजाक्षी म्हणाली, की मुलाचा शर्ट आणि मुलाचं हसू एकमेकांना जुळत नाही. धाकटी बहीण अंबुजा, जिच्याबरोबर ती राहते, अजून टोमणा मारते, "सगळ्या बेंगळुरूचं जुळवलंस, तुझंच तेवढं राहिलं."

"माझ्या रंगाचा तागाच आला नाही गं कधी."

रस्ता बदलत होता ते आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. आधी बांगड्यांचं दुकान गेलं, मग चपलांचं, मग कोपऱ्यावरचं तीन मजली कापडदुकान, जिथे आम्ही नुसते जिने चढायला जायचो. साड्या खोक्यातून घरी यायला लागल्या, त्यांच्याबरोबर शिवलेला ब्लाउजही. दुकानात बायका यायच्या त्या हातात फोन धरून.

"ह्या रंगाचं द्या."

वनजाक्षी फोनकडे बघायची. "हा रंग नाही अम्मा, हा उजेड आहे. साडी घेऊन या."

"साडी परवा येणार आहे."

"मग परवा या."

परवा कुणी यायचं नाही. रिकाम्या दुपारी ती उभ्या उभ्याच पेंगायची. तिनं मला सांगितलं होतं, की त्या झोपेत बायका येतात. ज्या गेल्या, ज्या दुसऱ्या गावी गेल्या, ज्यांना आता चालवत नाही त्यासुद्धा. प्रत्येकीच्या हातावर साडी, कुणी काही बोलत नाही, आणि ती एकेकीला देत जाते. "जागी होते तेव्हा घड्या खरंच खाली काढलेल्या असतात, अक्का. शेट्टर ओरडतात."

शेट्टर चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. एका सकाळी त्यांनी तिला बाकावर बसायला सांगितलं. एकतीस वर्षांत ती गिऱ्हाइकांच्या बाकावर कधी बसली नव्हती.

"वनजा, जागा देऊन टाकली गं."

"कुणाला?"

"ते दहा मिनिटांत घरी सामान पोचवतात ना, त्यांना."

"म्हणजे दुकानच की."

"दुकान नाही. गिऱ्हाइकानं आत यायचंच नाही. काचसुद्धा रंगवून बंद करणार म्हणे."

"कोणत्या रंगानं?" तिनं विचारलं.

शेट्टरांना हसू आलं. हसता हसता त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं, आणि मग बराच वेळ काढलंच नाही.

काच राखाडी रंगाची झाली. वनजाक्षी घरी बसली. त्याच उन्हाळ्यात तिला पायऱ्या नीट दिसेनात, म्हणून अंबुजानं दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर अंबुजा उभी होती.

"ही साडी कुणाची नेसलीस?"

"कुणाची म्हणजे? माझी. तूच आणलीस."

वनजाक्षीनं उजवा डोळा झाकला. साडी सायीच्या रंगाची झाली. डावा झाकला. साडी पांढरीशुभ्र, त्यात चांदण्यासारखी निळी झाक. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मोतीबिंदू हळूहळू पिवळा होत जातो, माणसाला पत्ताही लागत नाही. आठ-दहा वर्षं तुम्ही सगळं पिवळ्या काचेतून बघत होता.

ती रिक्षातून थेट माझ्या घरी आली. "अक्का, कपाट उघडा."

"आधी पाणी तरी पी."

"दहा वर्षं मी लोकांना काय देत होते?"

आम्ही साड्या पलंगावर पसरल्या. ती एक डोळा झाकून प्रत्येकीवर वाकत होती. मी म्हटलं, "अगं, साडी आणि पीस दोन्ही तू त्याच डोळ्यानं बघत होतीस. मग चुकेल कसं?"

"फिक्या निळ्यात चुकतं. पिवळ्या काचेतून निळा नि हिरवा एकच दिसतो," ती म्हणाली. माझ्याकडे फिकी निळी साडी एकही नव्हती. तिचं समाधान झालं नाही.

पुढच्या महिन्यात राजाजीनगरच्या कल्याणमंटपात एक लग्न होतं. आमच्या गल्लीतलं घर, त्यामुळे शेट्टरांची निम्मी जुनी गिऱ्हाइकं तिथे आलेली. वनजाक्षी डावा डोळा मिटून सगळ्या मांडवभर फिरली. नवऱ्याकडचे एक काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ह्या बाई सगळ्यांना डोळा का मारतायत?"

"त्या कुणाला मारत नाहीत. ब्लाउज बघतायत."

काका आणखीच घाबरले.

पंगतीजवळ ती थबकली. वत्सलम्मा म्हणून शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. साडी पहाटेच्या आभाळासारखी फिकी निळी. ब्लाउज मात्र निळा नव्हता. हिरव्याकडे झुकलेला, तळ्यातल्या पाण्यासारखा.

वनजाक्षी समोर गेली. "अम्मा, हा पीस मी दिला होता. चुकला. माफ करा."

वत्सलम्मांनी तिला निरखून बघितलं. "तुम्ही आठव्या क्रॉसच्या! घरी गेल्यावर कळलं होतं मला. परत करायला निघालेसुद्धा होते. जाता जाता आरशासमोर धरून बघितला आणि चपला काढून ठेवल्या. सगळं सारखं म्हणजे सपाट दिसतं हो. हे दोघं एकमेकांशी बोलतात तरी."

वनजाक्षी पंगतीत माझ्या शेजारी बसली. चिरोटीवर दूध ओतून ती पंगतीतले ब्लाउज पुन्हा एकदा पहिल्यापासून बघायला लागली. एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं, दोन रंगांतलं अंतर मिटवायचं. ते अंतर कुणाला आवडू शकतं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हात धुताना वत्सलम्मा पुन्हा भेटल्या. त्यांचे भाऊ रामलिंगय्या दोड्डबळ्ळापूरला रेशमाच्या लड्या रंगवतात. "त्याला आता हिरवा-निळा कळत नाही, पण कबूल करत नाही. तुम्ही येऊन बसाल का त्याच्याजवळ?"

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन वनजाक्षी पुढे ढकलत होती. अंबुजा चिडायची. कारण मला ठाऊक होतं. ती संध्याकाळी एकटी आठव्या क्रॉसवर जायची आणि उजवा डोळा मिटून उभी राहायची. डाव्या डोळ्यात रस्ता अजून तुपाच्या दिव्यासारखा पिवळसर होता. त्या उजेडात राखाडी काचसुद्धा जरा ऊबदार दिसायची, आत कुणी शिडीवर चढतंय असं वाटायचं. "अक्का, एक डोळा राहू दे की तिकडे," ती म्हणायची. 

तोवर ती रामलिंगय्यांच्या रंगाच्या कारखान्यात जायला लागली होती. पहिल्या आठवड्यातच रंगाचे दोन घाणे बिघडले. उकळत्या हंड्यातून लडी वर काढून रामलिंगय्यांनी विचारलं, "बाई, कुठल्या डोळ्यानं सांगताय?"

"कधी ह्या, कधी त्या."

"मला नावं ठेवता, आणि तुमचे तर दोन डोळे दोन गावांत राहतात!"

 दुसऱ्या दिवशी सकाळी वनजाक्षीनंच अंबुजाला उठवलं आणि म्हणाली, "चल, दवाखान्यात. तारीख घेऊ."

ऑपरेशनला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी आठव्या क्रॉसवर गेलो. फुलवाल्या अबोलीच्या वेण्या पाण्यात भिजवत होत्या. उजवा डोळा मिटून ती खूप वेळ बघत राहिली. मग माझा दंड धरून म्हणाली, "झालं. निघू या."

आता आठवड्यातले चार दिवस ती दोड्डबळ्ळापूरची सव्वासातची बस पकडते. अंगणात बांबूंवर ओल्या लड्या टांगलेल्या असतात, खाली पाणी ठिबकत असतं. रामलिंगय्या हंड्याजवळून ओरडतात, "झाला!" ती स्टुलावरून न उठताच म्हणते, "नाही झाला." मग ते कुरकुरत लडी पुन्हा बुडवतात. दुपारी भाकरी खाताना दोघांचं भांडण पुढे चालू राहतं. ओल्या लड्या हाताळून कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन ती घरी येते, आणि आपला टॉवेल खराब केला म्हणून अंबुजा बोलायला लागते.