फर्दापूरच्या बरडावरचा अंजन

चैत्रातली सुट्टी साधून छत्रपती संभाजीनगरहून फर्दापूरची एसटी पकडली, ती भांडायच्या तयारीनेच. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे दिलेली. शेतामागच्या बरडावर (खडकाळ, हलक्या जमिनीवर) तिने काही वर्षांपूर्वी अंजनाच्या झाडाचं बी लावलं होतं. या चैत्रात ते जिवंत दिसलं नाही तर बरड मुरूम काढायला द्यायचं, असं दाजींनी ठरवलं होतं. पोकलेन त्याच दुपारी येणार होतं.

सिल्लोडच्या पुढे एसटीचं टायर बसलं आणि माझा जीव वरखाली झाला. अजिंठ्याच्या घाटात मात्र थोराड अंजन दिसले, तेव्हा धीर आला. जिथे गवतही धड येत नाही तिथे हे झाड कातळाच्या भेगेत पाय रोवतं. पाला गुरांना, सालीचे दोर, आणि लाकूड असं कठीण की कुऱ्हाड कंटाळावी.

दाजी ओट्यावरच होते. "या मेव्हणीबाई! अक्काच्या काड्या बघायला आलात व्हय?"

"काड्या नाय दाजी, अंजन हाय ते."

"लई दांडगा अंजन! शेळीबी थांबंना तिथं."

अक्काने भाकरी, ठेचा आणि वांग्याचं कोरड्यास (कालवण) वाढलं आणि स्वतः न जेवताच पहार काढून ठेवली. आधी तिने पिशवीतली रोपं लावली होती. पिशवीत सोटमुळाचं वेटोळं होतं, म्हणून ती सगळी गेली. मग पहारीने भेगा मोकळ्या करून तिने बी जागेवरच टोबलं. गाव हसलं. मला तिची कीव आली आणि दाजींचा भयंकर राग आला.

जेवणानंतर तिघं बरडावर गेलो, तर तिथे नुसत्या वीतभर वाळक्या काड्या होत्या. "थांबा, उपटूनच दावतो," म्हणत दाजींनी एक धरली. ती येईना. त्यांनी दोन्ही हात लावले, पाय रोवला. काडी मोडली आणि दाजी धपकन मागे बसले. मी पोट धरून हसले.

अक्काने पहार घेऊन तिथलाच दगड उचकटला. खाली अंगठ्याएवढं जाड, ओलं मूळ सरळ भेगेत उतरलेलं. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला तरी शेवट लागेना. पहिली काही वर्षं अंजन उन्हाळ्यात वरून वाळतो आणि खाली वाढत राहतो, ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मग तिने शेजारचं गवत बाजूला केलं. काडीच्या बुडाशी लालसर जोडपान फुटलेलं! आम्ही गुडघ्यांवर बसून शोधू लागलो.

"अगं, हितं बी हाय! आन् ह्ये बघ!" सगळ्यात मोठा आवाज दाजींचाच होता.

पायथ्याशी पोकलेन येऊन थांबलं. धोतराची माती झटकत दाजी खाली गेले.

"माघारी घ्या गाडी. आमच्या मंडळीचं रान हाय हे."

अक्काने डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर खोचून वरून ओरडली, "पुन्यांदा म्हणा!"

दाजींनी पुन्हा म्हटलं, अगदी गावाला ऐकू जाईल असं.

परतीच्या एसटीत मी राणीसारखी बसले होते. अक्काने वर काहीच दिसत नसताना गावाचं हसू सोसलं, या एका गोष्टीने माझा ऊर भरून आला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लेणी बघून आलात का?"

"नाय," मी म्हटलं, "बहिणीचं जंगल बघून आले."