चौलच्या टेकडीवर लागलेला दम

बातमीतली मुख्य गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी, असा आमच्या कचेरीत नियम होता. म्हणून तीच आधी सांगतो. एकोणीसशे तीसनंतरच्या एका मार्गशीर्षाच्या अखेरीस मी मुलगी पाहायला चौलला गेलो. मुलगी मला ताबडतोब पसंत पडली. पुढचे दोन दिवस तिच्या घरच्यांनी मला आसपासच्या टेकड्या, देवळे आणि किल्ले दाखवले. मुंबईच्या वर्तमानपत्रातला माणूस आला आहे, म्हणून हौसेने गाव दाखवताहेत, असा माझा समज होता. वास्तविक ते माझी छाती तपासत होते.

कारण साधे होते. मुलीच्या थोरल्या बहिणीला गिरगावात दिले होते. नवरा क्षयाने गेला आणि ती दुसऱ्याच वर्षी माहेरी परत आली. लग्नाआधी त्याला सगळ्यांनी पाहिले होते, पण बसलेला. पाटावर, ओटीवर, चहा पिताना. चालताना त्याला कुणी पाहिले नव्हते. धाकटीसाठी जो येईल त्याला आधी टेकडी चढवायची, हे त्या थोरल्या बहिणीनेच ठरवले होते. मला हे सारे मागाहून कळले. तेव्हा मला एवढेच माहीत होते, की यापूर्वी दोन ठिकाणांहून नकार आला आहे आणि तिसरा मला परवडणार नाही.

माझी देहयष्टी संशयाला पोषक होती. दैनिकात उपसंपादक, बहुतेक रात्रपाळी, खाणावळीचे जेवण. कोट खुंटीवर टांगला काय आणि मी घातला काय, दिसण्यात फार फरक पडत नसे. ही उणीव ज्ञानाने भरून काढता येईल, असे मी ठरवले. कचेरीतल्या कपाटातून चौलच्या इतिहासावरचे एक जाड पुस्तक काढून ते आठवडाभर वाचले. मुलीला बंदराचा इतिहास सांगून जिंकावे, ही कल्पना मला स्वतःलाच सुचली होती. दुसऱ्या कुणावर तिची जबाबदारी टाकता येत नाही.

बोटीने रेवस, मोटारीने अलिबाग आणि पुढे बैलगाडी असा प्रवास करून दुपारी पोचलो. घर सुपारीच्या वाडीत होते. मुलीचे वडील फारसे बोलत नव्हते. बोलण्याचे काम तिच्या मामांकडे आणि आत्याकडे होते. मुलगी पोहे घेऊन आली. रिवाजाप्रमाणे मी विचारले, "वाचन आहे का?"

"आहे. तुमचंच वर्तमानपत्र येतं इथं. दुसऱ्या दिवशी."

"कसं वाटतं?"

"शिळं."

आत्या म्हणाली, "अगं, पाहुण्यांशी नीट बोल." मी मात्र त्याच क्षणी पसंती देऊन टाकली, अर्थात मनात. माजघराच्या दारात थोरली बहीण उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता गळपट्ट्याच्या खाली कुठेतरी पाहत होती. कोटाचे बटण तुटले असावे, असे समजून मी ते चाचपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताच्या टेकडीवर निघालो. जत्रा नुकतीच उठली होती. वाटेवर खाज्याचे कागद आणि फुटके फुगे अजून पडलेले होते. पुढे मामा, मग मी, माझ्यामागे आत्या आणि मुलगी. पहिल्याच पायरीवर मी सुरुवात केली. चौल हे पोर्तुगिजांच्या फार आधीचे बंदर. इथून कापड जाई, घोडे येत. परदेशी प्रवाशांनी त्याची नावे कशी वेगवेगळी लिहिली, ती मी एका दमात सांगायला गेलो आणि तिथेच दम संपला. वाक्य अर्धे राहिले. अर्धे वाक्य सोडायचे नाही, ही धंद्याची शिस्त. म्हणून पुन्हा सुरू केले. पायऱ्या वर जात होत्या, निजामशाही खाली येत होती, आणि मधल्या मधे मी धापा टाकत होतो.

"बसा पाहुणे, बसा," मामा म्हणाले.

"नाही, नाही. दमलो... नाही. तर त्या वेळी... नगरचा..."

"नगरचा असू दे. तुम्ही बसा."

मी बसलो. आत्या शेजारच्या पायरीवर टेकली आणि मायेने चौकशी करू लागली.

"रात्री घाम येतो का हो?"

"मुंबईत सगळ्यांनाच येतो."

"भूक कशी आहे?"

"बेताची. फार खाण्याची सवयच नाही."

"अलीकडे वाळलात का थोडे?"

"थोडा. कामाचा ताण," मी अभिमानाने सांगितले.

आत्याने मामांकडे पाहिले. मामांनी खाली चौलकडे पाहिले. क्षयाच्या रोग्याला डॉक्टर जे विचारतात, त्या प्रत्येक प्रश्नाला मी वाईटात वाईट उत्तर दिले होते. माझी समजूत अशी, की ही बाई मला आताच घरचा मानू लागली.

टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्याबद्दल लिहिणे भाग आहे. खाली माडांचे आणि पोफळींचे शेंडे इतके दाट, की गाव आहे हे केवळ धुरावरून कळावे. पलीकडे रेवदंड्याचा कोट, खाडी, आणि खाडीपार समुद्रात शिरलेली कोर्लईची सोंड. पूर्वेला कापलेली भातशेते. हे सर्व मी नंतरच्या भेटींत पाहिले. त्या दिवशी मी डोळे मिटून श्वास घेत होतो.

घरी परतल्यावर पाहुणचार वाढला. मला अडुळशाचा काढा देण्यात आला. मी त्याची स्तुती केली आणि दुसऱ्यांदा मागितला. चहासाठी निळ्या काठाचा एक कप फक्त माझ्यासाठी बाजूला ठेवलेला होता. इतरांना तसा कप नव्हता. एवढा मान मुंबईत कुणी दिला नव्हता, असे मी वडिलांना म्हणालो. त्यांनी मान खाली घातली.

सकाळी मामा म्हणाले, "मोटार दुपारची मिळेल. गाडी जुंपायला सांगतो. बाकी आम्ही पत्रानं कळवतो."

'पत्राने कळवतो' या वाक्याचा अर्थ मला आधी दोनदा समजला होता. तिसऱ्यांदा समजायला वेळ लागला नाही. का, ते मात्र समजेना. इतिहासात कुठे चूक झाली, ते मी मनात तपासू लागलो. घोड्यांच्या व्यापाराबद्दल थोडा घाईचा निष्कर्ष काढला होता, एवढेच सापडले.

आतून मुलीचा आवाज आला. "मामा, कोर्लई राहिली."

"अगं, किल्ला तो. त्यांना झेपायचं नाही."

"मला जायचंय."

"तुला? तू काय कमी वेळा गेलीस?"

मग थोरली बहीण बोलली. दोन दिवसांत मी तिचा आवाज प्रथमच ऐकला. "जाऊ दे मामा. तिला स्वतःला बघू दे." मामांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

रेवदंड्याहून होडीने खाडी ओलांडली. होडीत मी पुन्हा सुरू झालो. जे गमावलेलेच आहे त्याची काळजी कशाला, म्हणून अधिकच मोकळेपणाने. पोर्तुगिजांचा कोट, त्यांची चर्चे, कोर्लईच्या वस्तीत आजही बोलली जाणारी त्यांची वेगळी भाषा. पलीकडचा काठ येईपर्यंत मी थांबलो नाही. मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी रस घेणारा एक श्रोता मिळाला, असे मला वाटले.

किल्ल्याच्या पायथ्याशी ती थांबली.

"एक सांगू?"

"सांगा ना."

"वर जाईपर्यंत तुम्ही काही सांगू नका."

"इतिहास आवडत नाही का?"

"आवडतो. वर गेल्यावर सांगा. चढताना बोलता, तर श्वास कधी घेता?"

"अगं, काय हे!" आत्या म्हणाली. मामा मात्र काठी टेकून जागच्या जागी उभे राहिले होते आणि पुतळ्यासारखे माझ्याकडे पाहत होते.

मी गप्प चढलो. माझ्या आयुष्यातील अवघड कामगिऱ्यांत या चढाईची नोंद करावी लागेल. पहिला दरवाजा आला. त्याबद्दल मला एक परिच्छेद येत होता, तो गिळला. एका दगडावर परकी अक्षरे कोरलेली होती. त्यांचे भाषांतर मी पाठ करून आणले होते, तेही गिळले. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई त्या वेगळ्या भाषेत मागच्या बाईशी काहीतरी बोलत, हसत उतरून गेली. मी नुसता बाजूला सरलो. गवत पिवळे पडले होते. वाट सोंडेवरून जात असल्यामुळे दोन्ही हातांना पाणी होते, एकीकडे खाडीचे, एकीकडे समुद्राचे. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये एक शेळी उन्हाला बसली होती आणि दुसरी तोफेवर चढण्याच्या खटपटीत होती. पुस्तकात यातले काहीच नव्हते.

माथ्यावर पोचलो तेव्हा आत्या मागे राहिली होती आणि मामा काठीवर वाकले होते. मी उभा होतो. मामांनी पुढे येऊन माझे मनगट धरले. मनगटावर घड्याळ असल्यामुळे मी त्यांना वेळ सांगितली.

"हो, हो," ते म्हणाले आणि मनगट सोडले नाही. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत आहेत, हे माझ्या लक्षात आले. काय मोजत आहेत, तेही आले. दत्ताच्या टेकडीवरचे प्रश्न, काढा, कप, सगळे एकदम जागच्या जागी बसले. मुंबईत मी दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढण्याचा पगार घेत होतो.

आत्या येऊन पोचली. तिने नजरेनेच विचारले. उत्तर मुलीने दिले.

"दम नाही लागत त्यांना. बोलतात फार. त्याला औषध नाही, पण त्यानं कुणी मरत नाही."

यावर कुणी हसले नाही. आत्याने पदराने तोंड पुसले, मग डोळे पुसले, आणि समुद्राकडे तोंड करून एका दगडावर बसली. मलाही काही बोलावेसे वाटले नाही. माजघराच्या दारात उभी असलेली ती बाई आणि तिची माझ्या छातीवरची नजर आठवत होती.

मामांनी घसा साफ केला. "मुंबईत बिऱ्हाड कुठं म्हणालात?"

"दादरला. चाळीत एक खोली घेतली आहे."

"ऊन येतं?"

"सकाळी येतं. खिडकी पूर्वेला आहे."

"मजला?"

"चौथा."

मामांनी भाचीकडे पाहिले. ती खाली बसून लुगड्याच्या काठात घुसलेली कुसळे एक एक काढत होती. "चौथा मजला आहे," ते म्हणाले. "रोजची चढउतर. पाणीही खालून आणावं लागत असेल. नीट विचार कर."

"चढेन," ती मान वर न करता म्हणाली. "मला चढताना बोलायची सवय नाही."

मामांनी माझे मनगट सोडले.