आईचा सत्कार आणि मी नावाचा पुरावा

माझ्या आईचा सत्कार करायचा असेल तर त्या दिवशी मला गावाबाहेर पाठवावं, हे आता किन्हीराजात सगळ्यांना पटलं आहे.

झालं असं. पंचवीसेक वर्षांपूर्वी आई आणि शेवंतामावशी घरोघर फिरून बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवायच्या. बाळ कसं धरायचं, पहिलं चिकाचं दूध का फेकायचं नाही, मध चाटवायला आलेल्या सासूला कसं परतवायचं (हा सगळ्यात अवघड धडा), सगळं फुकट. यंदा महिला मंडळानं दोघींचा सत्कार ठरवला आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मी मास्तर आहे. हातात आलेला माइक मला सोडवत नाही.

नुसत्या शाल-नारळात काय मजा? पुरावा हवा! म्हणून मी या दोघींच्या हाताखालून गेलेली लेकरं शोधायला निघालो. लेकरांना आता मिशा होत्या.

"सर, मले नका बोलावू," ट्रॅक्टरवाला गणेश म्हणाला. "माह्यं लग्न जमून राह्यलं."

"मग त्याचं काय?"

"पाव्हणे तिथंच बसतीन. तुमी माइकवर काय काय सांगान, काय भरोसा?"

शेवटी वांग्याची भाजी आणि रोडगे आहेत म्हटल्यावर सात जण आले. मी त्यांना स्टेजवर रांगेत उभं केलं आणि एकेकाचं वजन विचारलं. जन्माचं नव्हे, आजचं. गणेशचं चौऱ्याण्णव किलो निघालं, तेव्हा टाळ्या पडल्या. गणेश पाव्हण्यांकडे बघेना.

टाळ्या ऐकून मला राहवेना. आई या कामाला लागली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. म्हणजे तिचा पहिला अनुभव मीच, हे उघड होतं. मी रांगेत शिरलो, पोटावर हात ठेवला आणि म्हणालो, "मंडळी, पहिला पुरावा हा! सहा महिने पाण्याचा थेंब नाही. निव्वळ आईच्या दुधावर..."

"बबन, बस कर आता," आई खुर्चीतून म्हणाली.

"थोर माणसांना स्वतःचं कौतुक सोसत नाही," मी माइकवर खुलासा केला.

शेवंतामावशीनं तोंडाला पदर लावला. "शांते, सांगून टाक त्याले. नाईतर तो हे पेपरात छापून आणीन."

मी मोठ्या आदरानं माइक आईच्या हातात दिला.

"हा माह्या अंगावर पेलाच नाई," आई म्हणाली. "चौथ्या दिवशी घरचे म्हणले, हिले दूध येत नाई, पावडरच्या दुधाचा डबा आणा. कसं धरा, किती दम धरा, सांगाले कोणीच नव्हतं. मी कोपऱ्यात रडत बसो. हा डब्यावरच वाढला. मंग मी ठरवलं, दुसऱ्या कोण्या पोरीवर हे येऊ द्याचं नाई."

पुढच्या बायांनी डोळे पुसले. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं, आणि आईचा असा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात गणेश माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "सर, मंग तुमी खाली उतरा ना. ही रांग आमची हाये."

उतरलो. आयुष्यात एकदाच नापास झालो, तेही चार दिवसांचा असताना. आणि तो निकाल गावासमोर वाचायला माइक मीच दिला.