सुमेधा ‘येते’ म्हणाली

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. एकशे शहाऐंशी पौंड चाळीस पेन्स. त्या दुपारी इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर सुमेधा तिरोडकरने जे जाळं कापलं, त्याची ही किंमत. जाळं क्लिफ लार्टरचं होतं आणि क्लिफ लार्टर तिचा घरमालक.

सुमेधा माझ्या पत्नीच्या, स्वातीच्या, मावसबहिणीची मुलगी. वेंगुर्ल्याची. मुंबईला जनावरांची डॉक्टर झाली, इथली परीक्षा दोनदा देऊन पास झाली आणि जखमी सील बरे करून परत समुद्रात सोडणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या हॉस्पिटलात लागली. तिचा व्हिसा त्या संस्थेच्या नावावर होता. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत जायचं. पगारातला मोठा हिस्सा वडिलांच्या डायलिसिसला जात असे, त्यामुळे परत जाणं तिला परवडणारं नव्हतं.

राहायला क्लिफच्या घरातली वरची खोली. क्लिफ एकाहत्तर वर्षांचा, एकट्याने चालवायची बोट, सोल या चपट्या माशांसाठी किनाऱ्यालगत लावलेलं एकच जाळं. बोट खाडीत चिखलावर बसलेली असायची आणि भरतीच्या पाण्यावरच तरंगायची. जाळं रोज सकाळच्या भरतीला उचलायचं, ही परवान्याची अट. चाळीस वर्षांत त्याने ती कधी मोडली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी क्लिफ म्हणाला, “उद्या येतेस का, गर्ल? जाळं उचलताना बघ. तुझे ते लठ्ठ पेशंट बाहेर कसे वागतात तेही दिसेल.”

सुमेधाची सकाळी ड्युटी होती. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? ती म्हणाली, “वी विल सी.” आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं की समजणारा समजतो. क्लिफने तिच्यासाठी जादा रबरी बूट काढून ठेवले.

सकाळी साडेसहाला ती निघाली. क्लिफ स्वयंपाकघरात चहा ओतत होता. दारातून ती म्हणाली, “आय विल कम, क्लिफ.” घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे तिच्या जिभेवर लहानपणापासून बसलेलं. हॉस्पिटलात ती सगळ्यांना ‘बाय’ म्हणे. क्लिफला मात्र तसं म्हणवत नसे.

क्लिफ बोटीपाशी जाऊन थांबला. पाणी चढलं, बोट तरंगली. मुलगी येते म्हणालीय, अजून पाच मिनिटं बघू, असं करत तो थांबला. पाणी उतरलं आणि बोट पुन्हा चिखलात बसली; जाळं उचलायचं राहिलं.

दुपारी ओहोटीला कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना जाळ्यात सीलचं पिल्लू दिसलं. फोन हॉस्पिटलला आला आणि गेली सुमेधाच. नायलॉनचा दोरा मानेत रुतला होता. ती कापत राहिली, आणि कापता कापता हाताशी क्लिफच्या नंबराची पट्टी आली.

हॉस्पिटलची मॅनेजर हेलन वाईट बाई नव्हती. तिने अहवाल तयार केला: जाळं बेवारस सोडलेलं होतं. खाली डॉक्टरची सही हवी होती. शुक्रवारी मासेमारी खात्याचा अधिकारी येणार होता. त्या सहीवर क्लिफचा परवाना जाणार हे उघड होतं.

“मी थांबलो तुझ्यासाठी,” क्लिफने घरी तिला सांगितलं ते इतकंच. “का नाही आलीस?”

सुमेधाला क्षणभर कळेचना. मग दारातलं आपलंच ‘आय विल कम’ आठवलं.

“तू सही कर,” क्लिफ म्हणाला. “मी उशिरा उठलो म्हणून सांगतो. म्हातारा आहे, कोणीही विश्वास ठेवेल. तू माझ्या बोटीवर येणार होतीस हे कळलं, तर म्हणतील पोरगी तिथे कामाला जाते. तुझा व्हिसा त्या एकाच नोकरीचा आहे ना?”

गुरुवारी तिचा लंडनला, आमच्या पिनरच्या घरी फोन आला. स्वातीने स्पीकर लावला.

“मावशी, सही केली तर त्याची बोट जाते. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. गप्प बसले तरी फेब्रुवारीत व्हिसाचं रिन्यूअल संस्थेच्याच हातात.”

“अगं, नुसतं बाय म्हणायला काय पैसे पडतात का?” स्वाती म्हणाली.

“तुला जमतं? आईला फोनवर बाय म्हणतेस?”

स्वातीने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

पिल्लू तेव्हा क्वारंटाइनच्या टाकीत होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी टाकी. ते सारखं एकाच दिशेने फिरत होतं. सुमेधा जखम धुऊन तिथेच उभी राहायची. बाहेर जाऊन कोणाला भेटायचं, काय बोलायचं, हे तिला सुचत नसे.

शुक्रवारी तिने सही केली नाही. हेलन आणि क्लिफच्या समोर अधिकाऱ्याला सगळं सांगितलं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुमच्याकडे ‘येते’ म्हणजे ‘जाते’?”

“हो.”

“आणि ‘बघू’ म्हणजे?”

“नाही.”

क्लिफ खो खो हसला. “तीन वर्षं मी हिला जेवणार का विचारतोय, ही म्हणतेय बघू. वाटायचं, पोरीचं काही ठरतच नाही.”

हेलन हसली नाही.

क्लिफला लेखी ताकीद मिळाली, परवाना राहिला. संस्थेच्या विश्वस्तांना मात्र ‘येते’चा अर्थ पटला नाही; त्यांनी कळवलं की मासेमाराच्या बोटीवर जाण्याचं ठरवणं संस्थेच्या धोरणात बसत नाही, पुढच्या व्हिसाला स्पॉन्सर करता येणार नाही. सुमेधाने अठरा ठिकाणी अर्ज केले. शेवटी लंडनच्या क्रॉयडनला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात जागा मिळाली. राहायला तळघरातली बिनखिडकीची खोली आणि पाच वर्षांचा करार. मध्येच सोडलं तर व्हिसाचा खर्च तिने भरायचा.

जानेवारीत ती निघाली तेव्हा पिल्लू हॉस्पिटलातच होतं. वजन भरल्याशिवाय सोडत नाहीत.

ती बॅग घेऊन दारात थांबली.

“काय, गर्ल?” क्लिफने विचारलं. “येतेस की जातेस?”

“येते,” ती मराठीत म्हणाली.

“म्हणजे मी थांबायचं नाही,” क्लिफ म्हणाला आणि तिची बॅग बसस्टॉपपर्यंत घेऊन गेला.

कापलेल्या जाळ्याचे पैसे क्लिफने मागितले नव्हते. सुमेधाने पन्नास-पन्नासचे तीन हप्ते पाठवले. छत्तीस पौंड चाळीस पेन्स अजून द्यायचे आहेत.