नववी ‘ब’चं कुलूपबंद अकाउंट

फोन मला रोज सांगतो, ‘जागा संपली!’ मी रोज जुने व्हिडिओ डिलीट करायला बसते आणि एकही न काढता पोट धरून हसत उठते. वर्गातल्या गमती अशाच साठत जातात. एक स्टाफरूममध्ये सांगून होईस्तोवर दुसरी घडलेली असते!

मी अकोल्याची. अकोटच्या एसटीनं रोज अर्ध्या वाटेवरच्या एका गावात विज्ञान शिकवायला जाते. मागच्या वर्षी नववी ‘ब’चं एक अकाउंट काढलं, फोटो आणि व्हिडिओंचं. पोरांचे प्रयोग आणि रोज माझा एखादा छोटा धडा त्यावर टाकायचा. पासवर्ड माझ्याकडे, अकाउंटला कुलूप, बघणार फक्त पालक.

* * *

आमचे मुख्याध्यापक वानखडे सर आधी तयारच नव्हते.

“मॅडम, पोट्टे बिघडतीन!”

शेवटी एक महिना बघू म्हणाले. आठवड्यातच मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, “त्याच्यात मुख्याध्यापकाचं काई नसते का?”

मग सरांचं दोन मिनिटांचं भाषण ठरलं. विषय त्यांनीच निवडला. पहिल्या टेकला चष्म्यात खिडकी चमकली, दुसऱ्याला मधल्या सुट्टीची घंटा झाली. तिसऱ्यानंतर सर घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. चौथा टेक झकास! अजूनही शाळेत कोणी आलं की सर खिशातून मोबाईल काढून तो व्हिडिओ दाखवतात.

विषय होता, ‘मोबाईलपासून दूर राहा’!

* * *

“न्यूटनचा तिसरा नियम घरच्या घरी दाखवा,” असा गृहपाठ दिला. पोरांनी घरच्यांच्या फोनवर शूट करून मला पाठवायचं होतं.

अंकुशचा व्हिडिओ आला. गोठा. त्याचे बाबा म्हशीची शेपटी ओढतात. म्हैस लाथ मारते. बादली एकीकडे, बाबा दुसरीकडे! मागून अंकुशचा गंभीर आवाज, “ही झाली क्रिया. प्रतिक्रिया तुमी पाह्यलीच.”

हा न्यूटनचा नियम नव्हे, म्हशीचा राग आहे, हे वर्गाला समजावण्यात माझा अख्खा तास गेला. व्हिडिओ टाकताना त्यावर दहापैकी चार मार्क लिहिले.

खाली लगेच बाबांची कमेंट, “मॅडम, पडलो मी हाये. थोडे वाढवा!”

* * *

एका मुलीचा साधा फोटो टाकला होता. प्रयोग संपल्यावर परीक्षानळ्या घासतेय.

दोन मिनिटांत तिच्या आईनं लिहिलं, “घरी चहाचा कप उचलत नाई! मॅडम, तुमी काय मंत्र मारला, मले बी सांगा.”

त्याखाली अकरा आयांनी लिहिलं, “मले बी.”

* * *

प्राची बोलताना अडखळते. पहिल्या शब्दावर अडली की मागचे बाक हसायचे, म्हणून तिनं वर्गात बोलणंच सोडलं होतं. बीजांकुरणाचा व्हिडिओ मी मुद्दाम तिला दिला. फोन हातात ठेवला, प्रयोगशाळेचं दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. पोरगी रडत बाहेर आली तर?

अर्ध्या तासानं आली. “झालं मॅडम.”

काचेच्या ग्लासात मुगाचं बी. तिचा आवाज. “हे बी मी म-मुद्दाम उलटं लावलं. तरी मुळी खालीच गेली. त-तिले मालूम हाये कुठी जाचं.”

मी म्हटलं, “अडखळलं तेवढं कट करायचं का गं?”

“काहून मॅडम? मी तशीच बोलतो ना!”

तसाच टाकला, तसाच वर्गात लावला. मागच्या बाकावरून अंकुश उठला. मी त्याला बसवायला पुढं झाले.

“मॅडम, उलटं कसं लावलं ते पुन्हा दाखवाले सांगा ना तिले.”

प्राची पुढं आली आणि तिनं ते पाच वेळा दाखवलं. बोलून!

* * *

अमरावतीला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला आमचे व्हिडिओ दाखवायला सांगितलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका गुरुजींनी विचारलं, “एका व्हिडिओले व्ह्यूज किती?”

“बेचाळीस.”

हॉल हसला. “बस, एवढेच?”

“सर, माझ्या वर्गाचा पट बेचाळीसच आहे. घरटी एक!”

गुरुजींनी हळूच वही काढली आणि लिहून घेतलं.

* * *

कापूस वेचणीचे दिवस होते. साक्षीची आई शोभाताई अचानक वर्गाच्या दारात उभी. थेट शेतातून आलेली, कमरेला अजून कापसाची ओटी बांधलेली. मी घाबरले. “काय झालं ताई? साक्षीचं काही?”

“नाई जी. काल व्हिडिओ काहून नाई आला?”

“ताप होता हो मला.”

“आस्सं. आमी चार-पाच बाया दुपारी बांधावर जेवाले बसलो का तुमचं लावतो. काल नुसतीच भाकर खाल्ली.” मग जरा लाजून म्हणाली, “माई शाळा पाचवीतच सुटली. मुळातलं पाणी झाडाच्या शेंड्यावर कसं चढते, ते तुमी अर्धंच सांगतलं हाये.”

त्या संध्याकाळी पुढचा भाग टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला फोन वाजला. शोभाताईची कमेंट होती,

“शोभा हजर. कमल हजर. रुक्मा हजर. वंदना हजर. सुनीता गैरहजर, माहेरी गेली हाये. ते आली का तिले आमी शिकवतो.”